स्वेट खटला शिकवायचा, तर वर्गात मोजपट्टी घेऊन जा

यंदा घटनात्मक कायद्याचा पेपर आमच्याकडे एका नव्या सहकारी बाईंकडे गेला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला स्टाफ रूममध्ये गाठून विचारलं, "मॅडम, अमेरिकेतलं ते काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळांचं प्रकरण किती वेळात उरकू? अर्धा तास पुरे ना?" मी म्हटलं, उरकू नका, चार तास द्या; टेक्सासच्या लॉ स्कूलने कृष्णवर्णीय म्हणून दार बंद केलेल्या हेमन स्वेटच्या खटल्यापर्यंत नीट पोचायला तेवढे लागतात. आणि त्याच संध्याकाळी हे टिपण लिहायला घेतलं. त्यांच्यासाठी तर आहेच, पण कुठल्याही गावच्या लॉ कॉलेजात हा विषय मराठीतून शिकवू पाहणाऱ्या कुणालाही ते चालेल.

मी सोलापुरात सायंकाळच्या वर्गाला एकोणीस वर्षं शिकवते आहे. बाकांवर एसटीचे कंडक्टर असतात, बेलीफ असतात, तलाठी असतात, दोन लेकरांना सासूकडे ठेवून आलेल्या बाया असतात. 'समान संरक्षण' या शब्दांवर त्यांना झोप येते. पण "या शाळेत पुस्तकं किती होती? त्या शाळेत किती?" असं विचारलं की मान वर होते. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. समानता हा विषय आकड्यांपासून सुरू करावा, आणि आकडे कुठे अपुरे पडतात तिथपर्यंत विद्यार्थ्यांना चालवत न्यावं. घाई केली, तर शाळांमधलं वेगळं बसवणं घटनाबाह्य ठरवणारा १७ मे १९५४ चा ब्राऊनचा निकाल आकाशातून पडल्यासारखा वाटतो. तो पडला नव्हता. एका लॉ स्कूलमध्ये पंचवीस वर्षं आधीच त्याची मशागत सुरू झाली होती.

आधी शब्दांचं बघा

'सेग्रिगेशन'ला मराठीत काय म्हणायचं, इथेच पहिली अडचण येते. 'विलगीकरण' म्हटलं की कोरोनाचा वॉर्ड डोळ्यांसमोर येतो. 'पृथक्करण' रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं. 'वर्णभेद' हा शब्द बरोबर आहे, पण फार मोठा आहे. त्यात शिवीगाळीपासून मारहाणीपर्यंत सगळंच येतं. मी सरळ 'वेगळं बसवणं' म्हणते. कायद्याने वेगळं बसवणं. हे शब्द ऐकले की आमच्या वर्गातल्या काही जणांना पुढचं समजावून सांगावं लागत नाही. आजोबांनी शाळेच्या दाराबाहेर पोत्यावर बसून मुळाक्षरं गिरवल्याचं त्यांनी घरात ऐकलेलं असतं.

'डीन' हा शब्दही आपल्याकडे मेडिकल कॉलेजाचा झालाय. लॉ स्कूलचा डीन म्हणजे आपले प्राचार्य, असं एकदा सांगून टाका. जुन्या संस्थांच्या नावांत 'नीग्रो' हा शब्द येतो. नाव सांगताना तो तसाच वाचा, मात्र हा त्या काळचा सरकारी शब्द आहे आणि आज माणसाला उद्देशून वापरायचा नाही, हे तिथेच बजावा.

नावांचा घोळ आधीच निस्तरून घ्या, नाहीतर दुसऱ्या तासाला सगळा गुंता होतो. चार्ल्स ह्यूस्टन हा माणूस, आणि ह्यूस्टन हे टेक्सासमधलं शहर. स्वेट त्या शहरात पोस्टमन होता. मेरीलँडच्या खटल्यातला विद्यार्थी डोनाल्ड गेन्स मरी, आणि मिसुरीच्या खटल्यातला लॉइड गेन्स. दोघांचं एकमेकांशी नातं नाही. मिसुरीच्या खटल्याच्या नावात 'कॅनडा' येतो. माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी हात वर करतं: "मॅडम, कॅनडा मधेच कुठून आला?" तो देश नव्हे, विद्यापीठाच्या रजिस्ट्रारचं आडनाव. फळ्याच्या कोपऱ्यात ही नावं लिहून ठेवा आणि चार तास पुसू नका.

पहिला तास: फिफ्थ स्ट्रीटवरचं घर

सुरुवात वॉशिंग्टनमधून करा. तिथे हॉवर्ड विद्यापीठाचं लॉ स्कूल १८६९ मध्ये सुरू झालं, म्हणजे यादवी युद्ध संपून चारच वर्षं झाली होती. पहिले डीन जॉन मर्सर लँगस्टन. १८७२ मध्ये शार्लट रे इथून पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री वकील झाल्या. पुढची साठ वर्षं हे स्कूल मुख्यतः संध्याकाळी भरायचं. विद्यार्थी दिवसा सरकारी कचेऱ्यांत, टपालखात्यात नोकरी करायचे आणि रात्री फिफ्थ स्ट्रीटवरच्या एका घरवजा इमारतीत कायदा शिकायचे. इथे थांबा आणि विद्यार्थ्यांना एकमेकांकडे बघू द्या. आमचा वर्गही असाच आहे.

मग चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांना आणा. जन्म १८९५, वॉशिंग्टन. वडील वकील. ॲमहर्स्ट कॉलेजातून १९१५ मध्ये पदवी. पहिल्या महायुद्धात कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांसाठी आयोवात वेगळं प्रशिक्षण होतं, तिथून ते फ्रान्सला गेले. स्वतःच्याच सैन्यातल्या गोऱ्यांकडून जी वागणूक मिळाली, ती पाहून त्यांनी ठरवलं की जिवंत परतलो तर कायदा शिकायचा आणि ज्यांना उलट बोलता येत नाही त्यांच्यासाठी लढायचं. हार्वर्डला गेले. तिथल्या लॉ रिव्ह्यूच्या, म्हणजे विद्यार्थीच चालवतात त्या कायद्याच्या नियतकालिकाच्या, संपादक मंडळावर निवडले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. १९२३ मध्ये डॉक्टरेट. एवढा तपशील पुरे. चरित्र लांबवू नका, कारण खरा विषय १९२९ पासून सुरू होतो.

त्या वर्षी हॉवर्डचे अध्यक्ष मॉर्डेकाय जॉन्सन यांनी लॉ स्कूलचा कारभार ह्यूस्टन यांच्याकडे दिला. पद व्हाइस-डीनचं होतं, पण स्कूल चालवायचे तेच. विद्यार्थी त्यांना मागून 'आयर्न शूज' म्हणायचे, लोखंडी बूट. त्यांनी काय केलं ते फळ्यावर लिहा: रात्रीचं स्कूल बंद. पूर्ण वेळ दिवसाचा वर्ग. प्रवेशाचे निकष कडक. ग्रंथालय वाढवलं. पूर्णवेळ शिक्षक नेमले. विद्यार्थ्यांना कोर्टात, तुरुंगात, पोलीस ठाण्यात नेऊन उभं केलं. १९३१ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनची, म्हणजे तिथल्या वकिलांच्या संघटनेची, मान्यता मिळाली.

या यादीवर घाईने टाळ्या घेऊ नका. रात्रीचं स्कूल बंद केलं, या एका ओळीवर किमान वीस मिनिटं द्या. माझ्या वर्गात या ओळीला नेहमी शांतता पसरते. एका वर्षी एक कंडक्टर विद्यार्थी उठून म्हणाला, "म्हणजे मॅडम, आम्ही त्यांच्या शाळेत बसलोच नसतो." खरं आहे. बसला नसता. मीही बसले नसते. मीही नोकरी करून रात्रीच एलएलबी केलं. हॉवर्डच्या माजी विद्यार्थ्यांनी तेव्हा हीच तक्रार केली होती, आणि १९३१ मध्येच वॉशिंग्टनमध्ये टेरेल लॉ स्कूल नावाची वेगळी सायंशाळा निघाली, ती अशाच नोकरदार विद्यार्थ्यांसाठी. ती १९५० पर्यंत चालली.

मग ह्यूस्टन यांचं म्हणणं मांडा. पूर्ण जोर लावून मांडा, कारण ते मला पटतं. त्यांना पदवीधर वाढवायचे नव्हते. सर्वोच्च न्यायालयात गोऱ्या वकिलांसमोर उभा राहील आणि एकाही तारखेत, एकाही कलमात चुकणार नाही, असा वकील त्यांना घडवायचा होता. गोऱ्या वकिलाची चूक ही त्याची एकट्याची असते; कृष्णवर्णीय वकिलाची चूक सगळ्या समाजाच्या नावावर मांडली जाते. वकील एकतर समाजाचा इंजिनिअर असतो, नाहीतर समाजाच्या अंगावरचं बांडगूळ, असं ते वर्गात सांगायचे. त्या रात्रीच्या वर्गातल्या लोकांवर अन्याय झाला, हेही खरंच. मला हे दोन्ही मान्य आहे, आणि विद्यार्थ्यांना मी तसंच सांगते. उत्तर काढून देत नाही.

तासाचा शेवट ह्यूस्टन यांचे विद्यार्थी आणि पुढे स्वेटचे वकील झालेले थर्गुड मार्शल यांच्यावर करा. बाल्टिमोरचा मुलगा. त्याच्या गावातच मेरीलँड विद्यापीठाचं लॉ स्कूल होतं, पण ते कृष्णवर्णीयांना बंद. १९३० मध्ये त्याने हॉवर्डला नाव घातलं. रोज पहाटे उठून आगगाडीने वॉशिंग्टन, रात्री परत. एका बाजूचं अंतर साठेक किलोमीटर, म्हणजे सोलापूर-बार्शीपेक्षा थोडंसं कमी. फीसाठी आईने लग्नाची आणि साखरपुड्याची अंगठी गहाण टाकली. १९३३ मध्ये तो वर्गात पहिला आला. ऑलिव्हर हिल दुसरा. बार्शीहून अप-डाऊन करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे सांगते तेव्हा त्यांच्याकडे बघत नाही, कारण मग माझाच आवाज बदलतो.

दुसरा तास: सुरुवात लॉ स्कूलपासूनच का?

इथे विद्यार्थ्यांनाच वकील करा. त्यांना १८९६ चा प्लेसीचा निकाल दोन वाक्यांत सांगा: लुइझियानात रेल्वेचे वेगळे डबे होते, न्यायालय म्हणालं की वेगळे चालतील, सारखे असले म्हणजे झालं. आता विचारा, तुम्ही ह्यूस्टन आहात, १९३५ साल आहे, पैसे थोडे आहेत, वकील मूठभर आहेत. पहिला खटला कुठे लावाल?

बहुतेक जण म्हणतात, प्राथमिक शाळा. कारण तिथे अन्याय सर्वांत मोठा दिसतो. ह्यूस्टननीही तो पाहिला होता. १९३४ च्या सुमारास सहकाऱ्याबरोबर मोटारीने दक्षिणेत फिरून त्यांनी साउथ कॅरोलिनातल्या शाळांचं चित्रीकरण केलं होतं. एकीकडे विटांची इमारत, दुसरीकडे फळ्या ठोकून उभं केलेलं खोपट. तरीही खटल्यांची सुरुवात त्यांनी उच्च शिक्षणापासून केली. कारणं विद्यार्थ्यांकडून एकेक काढून घ्या. प्राथमिक शाळा प्रत्येक राज्यात दोन प्रकारच्या होत्याच, त्यामुळे 'सारखी नाही' हे गावागणिक शाबीत करत बसावं लागलं असतं. लॉ स्कूल मात्र बहुतेक राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी नव्हतंच, मग 'सारखं' हा प्रश्नच कुठे उरला? नवं काढायचं तर मूठभर विद्यार्थ्यांसाठी राज्याला प्रचंड खर्च. मोठ्या वयाचे थोडे विद्यार्थी आत आले, तर लोकांचा भडकाही कमी. आणि शेवटचं कारण, जे मला सर्वांत आवडतं: न्यायाधीश स्वतः लॉ स्कूलमधून आलेले असतात. चांगलं लॉ स्कूल कशाने चांगलं होतं, हे त्यांना साक्षीपुराव्याने सांगावं लागत नाही.

मरीचा खटला थोडक्यात घ्या. डोनाल्ड मरी, ॲमहर्स्टचाच पदवीधर, मेरीलँडने नाकारलेला. ह्यूस्टन आणि त्यांचा कालपर्यंतचा विद्यार्थी मार्शल एकाच बाजूला उभे राहिले. जून १९३५ मध्ये न्यायाधीश यूजीन ओडन यांनी प्रवेशाचा आदेश दिला. सप्टेंबरात मरी वर्गात बसला, जानेवारी १९३६ मध्ये अपिलातही निकाल टिकला, १९३८ मध्ये तो पदवी घेऊन बाहेर पडला. ज्या दारातून मार्शलला जाता आलं नव्हतं, ते हॉवर्डची पदवी घेतल्यावर दोनच वर्षांनी त्याने दुसऱ्यासाठी उघडलं. मात्र हा निकाल फक्त मेरीलँडपुरता. विद्यार्थ्यांना विचारा, का? खटला राज्याच्याच न्यायालयात संपला म्हणून. पूर्वनिर्णयाचा पल्ला किती, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

मग मिसुरी. लॉइड गेन्सला तिथल्या सरकारने सांगितलं, शेजारच्या राज्यात शिक, फी आम्ही भरू. १२ डिसेंबर १९३८ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, हे चालणार नाही. राज्याने स्वतःच्या हद्दीत समान सोय द्यायला हवी, जबाबदारी शेजाऱ्यावर ढकलता येणार नाही. आणि मागणारा एकच असला, तरी हक्क त्या एकाचा आहे. हे शेवटचं वाक्य वहीत उतरवून घ्यायला सांगा.

राज्याने मग काय केलं? सेंट लुइसमध्ये पूर्वी केशभूषा शिकवणाऱ्या एका संस्थेच्या इमारतीत कृष्णवर्णीयांसाठी लॉ स्कूल थाटलं. आणि गेन्स? मार्च १९३९ मध्ये शिकागोत एका रात्री, पोस्टाची तिकिटं आणायला जातो असं सांगून तो बाहेर पडला. परत आला नाही. आजतागायत त्याचा पत्ता नाही. खटला तिथेच थांबला. विद्यार्थी तर्क लढवू लागतात; लढवू द्या, पण पुरावा नसलेलं काही सांगू नका. मी या ठिकाणी एवढंच म्हणते की आपल्या पक्षकाराच्या नावाने आपण निकाल वाचतो, तेव्हा त्या नावाचं पुढे काय झालं हेही विचारायची सवय ठेवा.

तिसरा तास: मोजपट्टी

या तासाला कॉलेजच्या शिपाईमामांकडून मोजपट्टी मागून घ्या, पंधरा मीटरची, कापडी. विद्यार्थ्यांचे तीन गट करा. एकाने वर्गाची लांबी-रुंदी घ्यायची. दुसऱ्याने ग्रंथालयात जाऊन कायद्याची पुस्तकं मोजायची. रजिस्टरवरून नव्हे, हाताने, रॅकवरून. तिसऱ्याने पूर्णवेळ शिक्षक किती, अर्धवेळ किती, हे ऑफिसातून आणायचं. चाळीस मिनिटं जातात. जाऊ द्या.

परत आले की फळ्याचे दोन भाग करा. डावीकडे टेक्सास विद्यापीठाचं लॉ स्कूल, ऑस्टिन: १६ पूर्णवेळ आणि ३ अर्धवेळ शिक्षक, ८५० विद्यार्थी, ६५,००० हून जास्त ग्रंथ, लॉ रिव्ह्यू, मूट कोर्ट (सरावाचं कोर्ट), शिष्यवृत्त्या. उजवीकडे, हेमन स्वेटने १९४६ मध्ये प्रवेश मागितल्यावर आणि कोर्टाने राज्याला सहा महिन्यांची मुदत दिल्यावर, मार्च १९४७ मध्ये विधानभवनाजवळच्या एका तळघरात उघडलेलं स्कूल: स्वतःचा एकही शिक्षक नाही, टेक्सासचेच चौघे येऊन शिकवणार आणि त्यांची बसायची खोली मात्र तिकडेच. १०,००० पुस्तकं मागवलेली, त्यातली थोडीच आलेली. पूर्णवेळ ग्रंथपाल नाही. मान्यता नाही.

'मागवलेली' या शब्दाखाली रेघ मारा. इथे मी माझी एक गोष्ट सांगते, तुम्ही तुमची सांगा. सोलापूरला येण्याआधी मी एका कॉलेजात होते. तपासणी समिती यायच्या आदल्या रात्री टेम्पो भरून पुस्तकं आली. एआयआरचे, म्हणजे छापील निकालांचे, खंड, जाडजूड टीकाग्रंथ, सगळं कुठून तरी उसनं. समितीने रॅकवरून नजर फिरवली, चहा घेतला, शेरा चांगला दिला. दुसऱ्या संध्याकाळी टेम्पो परत आला आणि पुस्तकं गेली. रॅकवर धूळ होती, आणि धुळीत त्या खंडांच्या तळाचे स्वच्छ चौकोन पुढे दोन आठवडे दिसत होते. ग्रंथालयाच्या यादीवर इतर शिक्षकांबरोबर माझीही सही आहे. तेव्हा मी नवीन होते, नोकरीची गरज होती, हे कारण आहे, पण ते चुकीचं झाकत नाही. स्वेटच्या निकालातला तो आकडा मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा मला ते चौकोन आठवले. म्हणून मी पुस्तकं हाताने मोजायला लावते.

आता खटला पुढे न्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचेपर्यंत टेक्सासने 'नीग्रो विद्यार्थ्यांचं' वेगळं विद्यापीठ काढून त्यात लॉ स्कूल सुरू केलं होतं: ५ पूर्णवेळ शिक्षक, २३ विद्यार्थी, १६,५०० ग्रंथ, मूट कोर्टची खोली. वर्गाला विचारा, आता काय कराल? आकडे सुधारलेत. आपल्या ग्रंथालयापेक्षा त्यांच्याकडे पुस्तकं जास्त आहेत. ही कोंडी वर्गाला नीट जाणवू द्या. तोवर पुढे जाऊ नका.

मग साक्षी सांगा. मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट रेडफिल्ड यांना मार्शलनी साक्षीला आणलं, आणि पेनसिल्व्हेनियाच्या लॉ स्कूलचे डीन अर्ल हॅरिसन यांनाही. एका डीनच्या व्यवस्थेविरुद्ध दुसरा डीन. वाद पुस्तकांच्या आकड्यावरून हळूहळू दुसरीकडे सरकला: कायदा एकट्याला शिकता येतो का? ५ जून १९५० रोजी सरन्यायाधीश व्हिन्सन यांनी एकमताचा निकाल वाचला. आकडे त्यांनी आधी मांडलेच. मग म्हणाले, लॉ स्कूलचं मोठेपण ज्यात असतं त्या कित्येक गोष्टी मोजताच येत नाहीत: शिक्षकांचा लौकिक, माजी विद्यार्थ्यांचं वजन, संस्थेची परंपरा, समाजातली पत. आणि टेक्सासची ८५ टक्के लोकसंख्या या नव्या स्कूलच्या बाहेर ठेवली आहे. उद्या ज्या वकिलांशी, साक्षीदारांशी, ज्यूरीशी, न्यायाधीशांशी याला काम पडणार, ते सगळे त्या ८५ टक्क्यांत आहेत. अशा एकांतात कायदा शिकता येत नाही. स्वेटला टेक्सास विद्यापीठातच घ्या.

हे वाचून झालं की फळ्यावरची मोजपट्टी दाखवून विचारा, हिने काय मोजता आलं नाही? मागच्या वर्षी एका मुलीने उत्तर दिलं, "मॅडम, कोर्टात गेल्यावर कुणाला हाक मारायची ते." तिच्या घरात वकील कुणी नाही. व्हिन्सननी पानभर लिहिलंय ते तिने एका वाक्यात सांगितलं. प्लेसीचा निकाल मात्र त्या दिवशी रद्द झाला नाही, हे न विसरता सांगा. परीक्षेत इथेच मुलं चुकतात. त्याच दिवशी ओक्लाहोमा विद्यापीठातल्या मॅकलॉरिन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा निकालही आला. त्याला आत घेतलं होतं, पण वर्गात, ग्रंथालयात, कँटीनमध्ये वेगळ्या टेबलावर बसवायचे. तेही न्यायालयाने बंद केलं.

चौथा तास: डीनच्या खुर्चीत

आपण वकील घडवतो, पण त्यातले काही पुढे प्राचार्य होतात, कुणी सचिव, कुणी कुलसचिव. म्हणून एक पूर्ण तास खुर्चीत बसलेल्या माणसांना द्या.

एक विद्यार्थी उभा करा आणि त्याला चार्ल्स मॅककॉर्मिक करा, टेक्सास लॉ स्कूलचे तेव्हाचे डीन. पुरावा कायद्यातले अमेरिकेतले अत्यंत नामांकित अभ्यासक. तळघरातल्या त्या वेगळ्या स्कूलचे डीनही तेच नेमले गेले, आणि खटल्यात सरकारपक्षाकडून साक्षीला उभे राहिले. राज्याची घटना वेगळं बसवा म्हणते, सरकार म्हणतं हे चालवा. त्या विद्यार्थ्याला बाकीच्यांनी उलटतपासणीचे प्रश्न विचारायचे: "सर, तुमच्या मुलाला या तळघरात घालाल का?" हा प्रश्न दरवर्षी येतोच. मॅककॉर्मिकना खलनायक करू नका, आणि बिचारेही म्हणू नका. पुराव्याचा एवढा जाणकार माणूस कोणता पुरावा पाहायला तयार नव्हता, हा प्रश्न वर्गाला पडला पाहिजे.

दुसरा विद्यार्थी पेज कीटन. ओक्लाहोमाच्या लॉ स्कूलचे डीन. त्यांच्या काळात एडा सिप्युएल यांनी प्रवेशासाठी लढा दिला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९४८ मध्ये सुनावणीनंतर चारच दिवसांत त्यांच्या बाजूने आदेश दिला, तर राज्याने काही दिवसांत विधानभवनातल्या खोल्यांत त्यांच्यासाठी वेगळं लॉ स्कूल उभं केलं. नाव लँगस्टन विद्यापीठाचं. हॉवर्डच्या त्या पहिल्या डीनचं नाव! सिप्युएल यांनी तिथे जायला नकार दिला आणि १९४९ मध्ये खऱ्या लॉ स्कूलमध्ये प्रवेश मिळवला. त्याच वर्षी कीटन टेक्सासचे डीन झाले, आणि १९५० मध्ये स्वेट वर्गात आला तेव्हा त्या खुर्चीत तेच होते.

तिसरी खुर्ची ह्यूस्टन यांची. ते १९३५ मध्ये हॉवर्ड सोडून खटल्यांच्या कामाला पूर्ण वेळ गेले. त्यांच्या मागे जेम्स नॅब्रिट यांनी १९३८ मध्ये नागरी हक्कांच्या कायद्याचा अभ्यासक्रम सुरू केला. सर्वोच्च न्यायालयात जाण्याआधी वकील हॉवर्डमध्ये येऊन युक्तिवादाची तालीम करायचे. शिक्षक न्यायाधीश व्हायचे, विद्यार्थीही प्रश्न विचारायचे. आपल्या मूट कोर्टात कप आणि प्रमाणपत्र यापलीकडे काय असू शकतं, ते इथे दिसतं.

याच तासात आपल्याकडचा धागा जोडता येतो, पण ओढूनताणून नको. ह्यूस्टननी हॉवर्ड सोडलं त्याच १९३५ सालच्या जून महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. १९३८ पर्यंत होते. त्या खुर्चीत असतानाच, मार्च १९३७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्याचा दावा हायकोर्टात त्यांच्या बाजूने निकाली निघाला. विद्यार्थी लगेच म्हणतात, दोन्ही सारखंच. तिथे थांबवा. टेक्सासात वेगळं बसवणं राज्याच्या घटनेत लिहिलेलं होतं. महाडला वादी, म्हणजे तळं अस्पृश्यांना बंद ठेवू पाहणारे, रूढीचा आधार घेत होते, आणि ती रूढी अनादी काळापासूनची आहे हे त्यांना शाबीत करता आलं नाही. लिहिलेला कायदा पाडायचा एक मार्ग, रूढी पाडायचा दुसरा. हा फरक ज्याला कळला, तो अस्पृश्यता बंद करणारं घटनेचं कलम १७ वेगळ्या नजरेने वाचतो.

शेवटची पंधरा मिनिटं प्रश्नांना ठेवा. एक प्रश्न ठरलेला असतो: स्वेटचं पुढे काय झालं? खरं ते सांगा. चार वर्षांच्या खटल्याने तब्येत ढासळली होती, लग्न मोडलं, तो पदवीशिवाय १९५२ मध्ये बाहेर पडला. नंतर अटलांटाला समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन त्याच क्षेत्रात राहिला. आणि ऑस्टिनमधलं जिल्हा कोर्ट, त्याचा खटला चालला ते, २००५ पासून त्याच्या नावाने ओळखलं जातं. ह्यूस्टननाही तो निकाल पाहायला मिळाला नाही. २२ एप्रिल १९५० ला ते गेले, वय ५४. निकाल सहा आठवड्यांनी आला.

परीक्षेला मी हा प्रश्न घालते: "१०,००० पुस्तकं मागवणं आणि १०,००० पुस्तकं असणं यांत कायद्याच्या दृष्टीने फरक काय? आणि १०,००० पुस्तकं खरोखर असली, तर समानता पूर्ण झाली का? स्वेटच्या निकालाच्या आधारे लिहा. गुण १०." पहिल्या भागाला चार द्या, दुसऱ्याला सहा. ज्याने तळघर, ८५ टक्के आणि मोजता न येणाऱ्या गोष्टी या तिन्ही आणल्या, त्याला पूर्ण. आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात स्वतः मोजलेला आकडा कुणी उत्तरात वापरला, तर तो विषयाला सोडून आहे म्हणून गुण कापू नका.